कोल्हापुरी चपलेची नवी पाटी

जून 2025 मध्यें इटलींतील मिलान शहरीं प्राडा या विख्यात पेढीनें पुरुषांच्या उन्हाळी पोषाखांचें प्रदर्शन भरविलें. त्यांतील कांहीं तरुणांच्या पायांत जीं पादत्राणें होतीं, तीं ओळखावयास महाराष्ट्रांतील माणसाला क्षणभरही लागला नाहीं. चामड्याचा सपाट तळ, अंगठा, पायावरून आडवा गेलेला पट्टा. ही तर कोल्हापुरी चप्पल! प्रदर्शनाच्या वेळीं मात्र कोल्हापूरचें नांव कोणीं घेतलें नव्हतें. त्यावरून येथें मोठा गवगवा झाला. तेव्हां या पादत्राणांचें मूळ भारतीय हस्तकारागिरींत आहे हें त्या पेढीनें मान्य केलें, आणि डिसेंबर 2025 मध्यें महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं तिनें करारही केला.

त्या दिवसांत या चपलेचें नांव देशोदेशींच्या वृत्तपत्रांतून झळकलें. लाखों रुपये खर्चूनही कोल्हापूरच्या कारागिराला जी जाहिरात साधली नसती, ती फुकट झाली. परंतु लंडनमध्यें किंवा पुण्यांत बसलेल्या एखाद्या गृहस्थानें तें नांव वाचून, अशी एक जोडी आपणही घ्यावी असें मनांत आणून, हातांतल्या मोबाईलवर शोध केला असेल, तर तो कोणाच्या दारीं जाऊन पोंचला असेल ? ज्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आरी चालत आली त्याच्या, कीं कृत्रिम चामड्याची चप्पल 'कोल्हापुरी' म्हणून खपविणाऱ्या एखाद्या दूरच्या विक्रेत्याच्या ? वस्तूचें नांव जगाला ठाऊक, आणि ती करणाऱ्याचें दार मात्र सांपडत नाहीं, ही खरी अडचण आहे. मिलानच्या प्रदर्शनावर कारागिराची सत्ता चालत नाहीं; स्वतःच्या दारावरील पाटीवर चालते.

या चपलेला सन 2019 मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रांतील चार, आणि बेळगांव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे कर्नाटकांतील चार, अशा आठ जिल्ह्यांचा हा मान आहे. मानांकन एका दुकानाचें नसून सर्व मुलुखाचें असतें. तथापि त्या मुलुखांतील कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली स्वतंत्र नोंद करून घेतां येते. ज्यानें ती केली आहे त्यानें तिचें प्रमाणपत्र पेटींत कुलूपबंद ठेवण्यांत कांहींच अर्थ नाहीं. तें गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडलें पाहिजे.

दृष्टीस पडण्यासारखें या धंद्यांत आणखीही पुष्कळ आहे. बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावलेलें कातडें, खिळ्यावांचून चामड्याच्याच वादीनें घातलेली शिवण, घरच्या स्त्रियांनीं वळलेली बारीक वेणी, शेंड्याला लाल गोंडा. दुकानीं आलेल्या गिऱ्हाइकाला हें सारें कारागीर तोंडानें सांगतो, चप्पल वांकवून दाखवितो, आणि तेथेंच सौदा पटतो. मोबाईलवरच्या गिऱ्हाइकाला हें सांगणारें कोणी नसतें. त्याला दिसते एक अंधुक चित्र आणि एक किंमत. मग शेजारींच निम्म्या किंमतींत दिसणारी नकली जोडी त्यानें उचलली, तर त्याला दोष कसा द्यावा ?

दुकानाची लांकडी पाटी रस्त्यानें जाणाऱ्यापुरती. जो घरीं बसून शोधतो त्याच्यासाठीं दुसरी पाटी लावावी लागते, आणि ती लावण्याचें सर्वांत सोपें ठिकाण म्हणजे गूगलच्या नकाशावरील धंद्याची नोंद. हिला आज 'गूगल बिझनेस प्रोफाइल' म्हणतात. 2021 पर्यंत 'गूगल माय बिझनेस' म्हणत. तिला पैसे पडत नाहींत. पुष्कळदा मालकानें कांहीं न करतांच दुकान नकाशावर आलेलें असतें. कोणा गिऱ्हाइकानें तें घातलेलें असतें. फोन जुना, नांव चुकीचें, आणि खूण शेजारच्या गल्लींत ! अशा वेळीं दुसरी नोंद करूं नये. आहे त्याच नोंदीवर आपला हक्क सांगून, गूगल मागेल ती पडताळणी पुरी करावी. हल्लीं बहुधा दुकानाचा रस्ता, पाटी व आंतील भाग दाखविणारा छोटासा व्हिडिओ मागितला जातो.

जवळपासचीं दुकानें दाखवितांना कोणतें वर ठेवावें हें ठरविण्यासाठीं तीन गोष्टी पाहिल्या जातात, असें ही कंपनी स्वतःच सांगते : शोधणाऱ्यानें जें मागितलें त्याच्याशीं दुकान कितपत जुळतें, तें किती अंतरावर आहे, आणि त्याचा लौकिक काय. पैसे भरून हा क्रम वर नेतां येत नाहीं, हेंही ती स्पष्ट सांगते. तेव्हां 'दरमहा अमुक रुपये द्या, पहिल्या क्रमांकावर आणून बसवितों' असें फोनवरून सांगणारे जे सद्गृहस्थ सध्यां गांवोगांव सुळसुळले आहेत, त्यांना नमस्कार करून फोन खालीं ठेवणेंच बरें. अंतर दुकानदाराच्या हातचें नव्हे. लौकिक सावकाश मिळतो. पहिली गोष्ट मात्र सर्वस्वीं त्याच्या हातची आहे, आणि तिच्याकडेच बहुधा दुर्लक्ष होतें. दुकान कशाचें, उघडतें केव्हां, दुपारीं बंद असतें काय, सुट्टी कोणत्या वारीं, हें त्या नोंदींत बिनचूक असावें. अंबाबाईचें दर्शन घेऊन परतीच्या गाडीपूर्वीं तासभर हातीं असलेला प्रवासी एकदां बंद दारावरून मागें फिरला, कीं तो पुन्हां येत नाहीं. नांव पाटीवर असेल तेंच द्यावें; त्याला 'सर्वोत्तम', 'स्वस्त', 'अस्सल' अशीं शेपटें जोडणें नियमालाही धरून नाहीं आणि शोभतही नाहीं.

वर्णन लिहितांना मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवावीं, कारण शोधणारीं माणसें दोन्ही लिप्यांतून शोधतात. कोणी 'कापशी' म्हणून शोधतो, कोणी 'पायताण' म्हणून. कारागिराच्या तोंडीं असलेले हे शब्द जुनाट समजून गाळूं नयेत. जाणतें गिऱ्हाईक त्याच शब्दांनीं येतें.

छायाचित्रांविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. येथें भारी कॅमेऱ्याची जरूर नाहीं. सकाळचा उजेड आणि साधी चटई पुरते. एक चित्र वरून, एक बाजूनें, एक तळाचें, एक वेणीचें अगदीं जवळून, आणि एक पायांत घातलेलें. तळाचें चित्र दाखवावयास नकली माल विकणारा सहसा कचरतो, म्हणून तें अवश्य दाखवावें. कातड्यावर एखादा डाग किंवा रंगाचा फरक असेल तर तोही दिसूं द्यावा. हातानें केलेल्या दोन चपला तंतोतंत सारख्या नसतात हें आधींच कळलेलें गिऱ्हाईक मागाहून तक्रार करीत नाहीं. चित्रांत रंग चढवून लाल केलेली चप्पल घरीं पोंचतांच तपकिरी निघाली, तर ती परत येते, आणि टपालाचा दोन्ही वेळचा खर्च कारागिराच्या अंगावर पडतो.

परत येणाऱ्या मालाचें दुसरें मोठें कारण म्हणजे माप. बुटाचा आंकडा कोल्हापुरीला नेहमींच लागू पडतो असें नाहीं. अंगठ्याची जागा आणि पट्ट्याची उंची ज्याच्या त्याच्या पायावर अवलंबून. यावर जुनाच उपाय चांगला. कोऱ्या कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनें रेघ मारावी, शेजारीं मोजपट्टी ठेवावी आणि त्याचें छायाचित्र पाठवावें, असें गिऱ्हाइकाला सांगावें. नवी चप्पल आरंभीं आंवळ वाटते व वापरानें सैल पडते, हेंही त्याच वेळीं सांगून टाकावें.

हें बोलणें हल्लीं व्हॉट्सॲपवर होतें. धंद्यासाठीं त्याचें निराळें ॲप 2018 मध्यें निघालें. त्यांत मालाची चित्रमय यादी किंमतींसह ठेवतां येते, आणि दुकान बंद असतांना आपोआप जाणारें उत्तरही लिहून ठेवतां येतें. सोय चांगली आहे. मात्र एकदां नंबर हातीं आला म्हणजे रोज सकाळीं सुविचार आणि फुलांचीं चित्रें पाठवावयाचीं, ही खोड कित्येक दुकानदारांस लागते. गिऱ्हाईक अशानें स्नेही होत नाहीं. तें नंबर बंद करतें. ज्यानें परवानगी दिली त्यालाच, आणि नवा माल आला तरच लिहावें.

अभिप्रायांची गोष्ट नाजूक आहे. समाधान पावलेलें गिऱ्हाईक गप्प बसतें आणि रागावलेलें लिहितें, हा मनुष्यस्वभाव. म्हणून जोडी हातीं देतांनाच, आवडल्यास दोन ओळी लिहा, असें सुचविण्यांत संकोच नसावा. विकत घेतलेली स्तुति मात्र सर्वथा टाळावी. भारतीय मानक ब्यूरोनें 2022 मध्यें याविषयीं एक मानक प्रसिद्ध केलें, आणि पैसे देऊन लिहविलेले अभिप्राय छापूं नयेत असें त्यांत सांगितलें आहे. मानक नसतें तरी एकाच दिवशीं एकाच भाषेंत आलेल्या वीस स्तुति वाचणाऱ्याला खऱ्या वाटत नाहींत. वाईट अभिप्रायाला उत्तर द्यावें, तें लहान असावें, आणि त्यांत वाद नसावा. चूक असेल तर ती कशी दुरुस्त केली तेवढेंच लिहावें. तें उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षां पुढें येणारे दहाजण अधिक लक्षपूर्वक वाचतात.

मोठ्या ऑनलाइन बाजारांत माल ठेवावा कीं नाहीं, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. ठेवावा, पण ती जत्रेंतली भाड्याची जागा आहे हें विसरूं नये. बहुतेक ठिकाणीं विक्रीवर कमिशन कापलें जातें, नियम मालक बदलतो, आणि गिऱ्हाईक कोण होतें हें कारागिराला बहुधा कळतही नाहीं. इन्स्टाग्रामचीही जागा परकीच. तेथें वेणी वळणाऱ्या हातांचें अर्ध्या मिनिटाचें दृश्य लोक आवडीनें पाहतात, म्हणून तें अवश्य घालावें, आणि त्याखालीं आपला पत्ता द्यावा. स्वतःचें घर म्हणजे स्वतःचें संकेतस्थळ, चार पानांचें कां असेना. 2014 पासून तर त्याचा पत्ता '.भारत' असा देवनागरींतही घेतां येतो. आणि त्याहूनही मोलाची म्हणजे गिऱ्हाइकांची वही : नांव, गांव, पायाचें माप, कोणती जोडी नेली. ही वही ज्याच्याजवळ आहे त्याला पैसे देऊन जाहिरात करण्याची घाई करावी लागत नाहीं. ज्याची पाटीच अपुरी आहे त्यानें जाहिरात करणें म्हणजे लोकांना गाडीभाडें देऊन बंद दारावर आणणें होय.

हें सर्व करावयाचें केव्हां, हा कारागिराचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. हात आरीवर असतांना मोबाईल कोण पाहणार ? तें काम घरांतल्या शिकलेल्या मुलीनें किंवा मुलानें उचलावें. ज्याला या धंद्यांत आपलें कांहीं नाहीं असें वाटतें, त्याच्यासाठीं हें काम धंद्यांतच निघालें आहे. काळही ठरलेला आहे. चामड्याला पाणी सोसत नाहीं, म्हणून पावसाळ्यांत विक्री मंदावते. ज्येष्ठ सरतांना नकाशावरची खूण व वेळा नीट कराव्यात, आषाढ-श्रावणांत उघडीप मिळेल त्या सकाळीं छायाचित्रें काढावींत, आणि भाद्रपदांत जुन्या वहींतल्या गिऱ्हाइकांना एकेक निरोप पाठवावा, म्हणजे दसऱ्याच्या जोड्यांचीं मापें वेळेवर हातीं येतील.