एकच करणी, दोन नावे
(मठाच्या वर्धापनोत्सवातील व्याख्यान)



उत्सवाच्या मंडपात राजकारणाची कथा कशाला, असे कोणास वाटेल. परंतु ज्या ग्वाल्हेरीत आपण बसलो आहोत तेथे एका विधवेने राज्य चालविले, आणि तिच्याविषयी आपण जे बोलतो त्यात आपल्या समदृष्टीची परीक्षा आहे.

1827 मध्ये दौलतराव शिंदे निपुत्रिक वारले. सर्जेराव घाटगे कागलकरांची कन्या बायजाबाई यांनी जनकोजीरावांस दत्तक घेऊन कारभार हाती घेतला. बाई घोड्यावर बसण्यात निष्णात, हिशेबात त्याहून निष्णात. त्यांच्या सावकारीची कीर्ती अशी की कंपनी सरकारनेही त्यांच्याकडून कर्ज घेतले. काशीस ज्ञानवापीभोवतालचा स्तंभमंडप 1828 मध्ये त्यांनीच बांधविला. दत्तक पुत्र मोठा झाल्यावरही सत्ता सोडावयास त्या राजी नव्हत्या, हे मी झाकीत नाही. 1833 मध्ये फौज फिरली आणि बाईंस ग्वाल्हेर सोडावे लागले. मागे राहिले दोन शब्द : लोभी आणि सत्तालोलुप.

खजिना राखणारा पुरुष असता तर आपण त्यास दक्ष म्हटले असते. खुद्द दौलतरावांनी महादजींच्या विधवांशी लढाई मांडली; त्या झगड्याचे नाव मात्र पडले ‘शिंद्यांच्या बायांचे बंड’! ज्यांच्यावर अन्याय झाला, बंडाचा शिक्काही त्यांच्याच माथी.

हा दोष केवळ आपलाच, असेही नव्हे. पदच्युत बाईंस 1835 मध्ये फत्तेगडच्या छावणीत फॅनी पार्क्स ही इंग्रज स्त्री भेटली. इंग्लंडात विवाहित स्त्रीस कायद्याने किती पराधीन केले आहे हे तिने सांगितले, आणि हिंदू विधवेची दशा बाईंनी. एका बाजूस दोन्ही पाय टाकून घोड्यावर बसण्याची इंग्रज स्त्रियांची रीत पाहून बाईंच्या परिवारास मोठे हसू आले. तेवढी करमणूक उभयतांस लाभली.

आता घरचेच सांगतो. मी कित्येक वर्षे कीर्तनात तुकोबांच्या आवलीची नक्कल केली आहे. आवाज चढवावा, हात नाचवावेत, की श्रोते खदखदा हसत. तुकोबांनी संसाराकडे पाठ फिरविली ते वैराग्य, आणि घरात दाणा नाही म्हणून ती बोलली तो कजागपणा! भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन उन्हातून जाणारी तीच, हे त्याच आख्यानात मी सांगत होतो; पण नक्कल संपल्यावर, घाईघाईने. एकदा कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध माउली एवढेच म्हणाली, “बुवा, त्या दिवशी तिने स्वतः काही खाल्ले होते का हो?” मजजवळ उत्तर नव्हते.

आज रात्री याच मंडपात ते आख्यान मला लावावयाचे आहे. नक्कल मी वगळली आहे. त्या जागी काय बोलावे, हे अद्याप ठरत नाही.