लोगोवरचा फीडबॅक हा बग रिपोर्टसारखा द्या

आजचा एपिसोड छोटा आहे. घरचा बिझनेस सांभाळणारे, स्टार्टअपमध्ये काम करणारे आणि ‘भावा, एक लोगो करून दे ना’ म्हणणारे, अशा सगळ्यांसाठी. विषय एकच: लोगो बघितल्यावर डिझायनरला नेमकं सांगायचं काय?

मी कोड लिहितो. आमच्याकडे कोणी नुसतं ‘ॲप चालत नाहीये’ कळवलं की आम्ही डोक्याला हात लावतो. कुठला फोन? कुठलं बटण दाबलं? काय व्हायला हवं होतं आणि काय झालं? एवढं कळलं की अर्धं काम झालं. ‘मजा नाही येत’, ‘थोडं पॉप करा’ हे त्या ‘ॲप चालत नाहीये’चेच भाऊबंद.

आता किस्सा ऐका. माझी आत्या लालबागला मसाले करते. आधी ओळखीत द्यायची, मग दुकानांतून मागणी यायला लागली, म्हणून छापील पाकिटं करायचं ठरलं. लोगो करणारी मुलगी जे.जे.मध्ये अप्लाइड आर्ट शिकलेली, माझ्याच वयाची. बदलांचे तीन राउंड ठरले होते. दोन संपले आणि फॅमिली ग्रुपवर पाऊस पडला. काका म्हणाले, अक्षरं मोठी करा. वहिनी म्हणाली, लाल गडद करा. आत्या म्हणाली, मिरची टाका.

हे नुसतं आवडीनिवडीचं भांडण नव्हतं. अशा पाकिटांच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरतात. एकदा कोरला की लोगोतला बदल म्हणजे पुन्हा नवा खर्च, आणि पैसे आत्याने साठवलेले. त्यात लोक वर्षाचा मसाला उन्हाळ्यात भरतात, म्हणजे तारीख हुकली की सीझन गेला. तिकडे डिझायनर ‘काकू, तुम्ही दुसरं कोणीतरी बघा’ म्हणायच्या बेतात.

मग आम्ही टेस्टिंग केलं. लोगो 50 ग्रॅमच्या पाकिटाच्या मापात छापला, पाकिटावर चिकटवला आणि ब्रँडचं नाव माहीत नसलेल्या चार जणांना हातभर अंतरावरून वाचायला लावला. नाव ‘ध’ने सुरू होतं. तिघांनी ‘घ’ वाचलं!

डिझायनरला मेसेज गेला तो असा: ‘मोठ्या पाकिटावर नाव छान वाचता येतं, ते तसंच ठेव. 50 ग्रॅमच्या पाकिटावर चारपैकी तीन जण ध चा घ वाचतायत. फोटो पाठवतोय. कसं सुधारायचं ते तू ठरव.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. काकांच्या सांगण्याप्रमाणे अक्षर मोठं केलं असतं तर लोगो पाकिटात मावलाच नसता. तिने माप तेवढंच ठेवलं. ‘ध’च्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटलेली असते, ती फट लहान मापात बुजत होती. तिने फट रुंद केली, गाठ मोकळी केली. पुन्हा टेस्ट घेतली. चौघांनीही बरोबर वाचलं, आणि हे चौघे नवीन होते बरं का, पहिल्यांना उत्तर माहीत झालं होतं!

मिरचीचं काय? तिने आत्याला विचारलं, ‘काकू, मिरची कशासाठी हवी?’ आत्या म्हणाली, ‘अगं, बघता क्षणी तिखट आहे हे कळायला नको?’ मग मिरची लोगोत न जाता मालवणी मसाल्याच्या पाकिटावर गेली. हळदीच्या पाकिटावर मिरची कशाला? मागणी चित्राची होती, गरज वेगळीच होती. ‘का’ विचारल्यावरच ती बाहेर येते.

माप ही गोष्ट काही मोबाइलमुळे आलेली नाही. कमल शेडगे यांनी कितीतरी मराठी नाटकांची शीर्षकं अक्षरांतून उभी केली. नाटकाचं नाव थिएटरबाहेरच्या मोठ्या बोर्डावरही दिसायला हवं आणि पेपरातल्या चिमुकल्या जाहिरातीतही. दादरच्या शिवाजी मंदिरसमोरून जाताना बोर्ड नीट बघा, मग तीच नावं फोनवर शोधून बघा.

आणि परक्या माणसाला लोगो लवकर दाखवा. मिंत्राचं आठवतंय? तो लोगो स्त्रियांसाठी अपमानास्पद दिसतो अशी तक्रार मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाकडे गेली, आणि जानेवारी 2021 मध्ये कंपनीने तो बदलायचं जाहीर केलं. वेबसाइट, ॲप, पॅकेजिंग, सगळीकडे. फीडबॅक तिथेही मिळालाच, फक्त सगळं छापून झाल्यावर.

तर तुमच्यासाठी चार गोष्टी. एक, ग्रुपमधली सगळी मतं गोळा करा, पण डिझायनरशी एकानेच बोला. दोन, काय चांगलं झालंय तेही सांगा, नाहीतर पुढच्या राउंडला तेच बदलून येतं. तीन, अडचण कुठे, कुणाला, कुठल्या मापात येते ते सांगा, उपाय तिच्यावर सोडा. चार, नुसती आवड असेल तर ‘ही माझी आवड आहे’ असं सरळ म्हणा. आत्याला लाल रंग थोडा गडद हवाच होता, तिने तसं सांगितलं, झालं! तिचा ब्रँड आहे, तेवढा हक्क तिचा.

तिसऱ्या राउंडमध्ये फाइल फायनल झाली, मुलीचे उरलेले पैसे त्याच दिवशी गेले आणि सिलिंडर कोरायला दिले. तुमच्याकडे एखादा लोगो अडकून पडला असेल, तर आज खऱ्या मापात छापा आणि खालच्या वाण्याला वाचायला सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!