निगेटिव्ह आलं, पण वाढतंय का?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता 'एचआयव्ही आणि बालके'. तो मी थोडा आवळून घेते. लागण झालेल्या मुलांबद्दल आपण बोलतो, बोलायलाच हवं. पण आईला लागण आहे आणि मूल निगेटिव्ह आहे, अशी जगात दीड कोटींहून जास्त मुलं आहेत. त्यांच्याबद्दल कोण बोलतं? औषधं नसतील तर लागण असलेल्या आयांच्या शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. नीट उपचार मिळाले तर हा आकडा ५ च्या खाली येतो. हे मोठं यश आहे.

बाळाची तपासणी दीड महिन्याला सुरू होते, शेवटची दीड वर्षाला. ती निगेटिव्ह आली की पेढे वाटले जातात, मीही खाल्लेत. आणि त्याच दिवशी आमच्या यादीतून बाळाचं नाव उतरतं. त्याची उंची किती भरली, हे त्या फायलीत कुणी लिहिलेलं नसतं.

झिंबाब्वेच्या ग्रामीण भागात, शुरुग्वी आणि चिरुमांझू जिल्ह्यांत, २०१२ साली 'शाइन' नावाचा अभ्यास सुरू झाला. त्यातले लागण असलेल्या आयांच्या मुलांचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. पूरक आहाराची मदत न मिळालेल्या गटांत दीड वर्षाची निम्मी मुलं खुरटलेली होती. काही आयांना बाळाला काय, किती वेळा भरवायचं ते शिकवलं, आणि सहाव्या महिन्यापासून रोज २० ग्रॅम पौष्टिक पेस्ट दिली. तिथे प्रमाण ५० वरून ४० टक्क्यांवर आलं. संडास बांधून दिले, हात धुण्याची सोय केली, त्याने उंचीत फरक पडला नाही. संडास नकोत असं कुणी ऐकू नका! पण खाण्याने फरक पडला, आणि तरीही ४० उरलेच, हे दोन्ही लक्षात ठेवा.

कारण गोष्ट पोटात असतानाच सुरू झालेली असते. ही बाळं पुष्कळदा लवकर आणि कमी वजनाची जन्मतात. आई आजारी, घरात पैसा नाही, कधी नवरा गेलेला. त्यात अंगावरच्या दुधाची भीती.

या भीतीबद्दल थोडं जास्त बोलते. बोट्सवानामधला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. डब्याच्या दुधावरच्या बाळांना लागण कमी झाली, पण पहिल्या सात महिन्यांत त्यांच्यातलीच जास्त बाळं दगावली. झांबियात लुसाकाला चौथ्या महिन्यात दूध तोडून पाहिलं, फायदा झाला नाही. आज आपल्याकडेही सल्ला हाच आहे: आईने औषध चुकवायचं नाही आणि सहा महिने फक्त अंगावर पाजायचं. तरी सासू म्हणते, "तुझं दूध विषारी." डबा येतो. तो महाग, म्हणून एका चमच्याला दोन वाट्या पाणी. बाळ रडत नाही, पोट भरलेलं दिसतं, पण वाढत नाही.

मग बाई मला विचारते, "ताई, पोरगी बुटकी राहिली ती माझ्या आजारामुळे का?" मी तिला सरळ सांगते की आजाराचा वाटा असू शकतो, पण तू औषध घेतलंस म्हणून ती निगेटिव्ह आहे, आणि तुझ्या ताटात काय पडतं हे तू एकटी ठरवत नाहीस.

काही जणी म्हणतात, अशा मुलांची वेगळी नोंदवही अंगणवाडीत ठेवा. मी याच्या विरुद्ध आहे. वेगळी वही म्हणजे गावभर बोभाटा. २०१७ चा कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. बाईच्या संमतीशिवाय तिचा आजार कुणाला सांगता येत नाही. आणि गरज काय? अंगणवाडीत सगळ्याच मुलांची उंची नीट मोजली गेली तर आपलीही मोजली जातील. वजनावर समाधान मानू नका. दीड वर्षाची मुलगी ७५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ती खुरटलेली आहे, मग गाल कितीही गुबगुबीत असोत. आणि घरी न्यायचा आहार सहा महिने ते तीन वर्षं या वयासाठी असतो. तो घरात गेल्यावर कुणाच्या पोटात जातो, हेही विचारा.

दुपारी आपण मोजायला शिकणार आहोत. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून मोजतात, त्याला दोघी लागतात: एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलके दाबून पावलं सरळ करायची. फळी मी आणली आहे. ज्यांची लहान मुलं सोबत आहेत त्यांनी जेवणानंतर पुढे बसा.