पाळण्यातले पाय आणि मुष्टियोद्ध्यांचे हात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच एखाद्या बाईने चार शब्द बोलावेत, असा आपला शिरस्ता आहे. यंदा माझी पाळी आली. विषय विचारला तेव्हा मी ‘मुष्टियुद्ध’ असे सांगितले, आणि दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. हसणे साहजिकच आहे. सेलूच्या बाजारात भाजीच्या भावावरून हुज्जत घालणे, यापलीकडे मारामारीशी माझा संबंध आलेला नाही.

पण गेले वर्षभर आमच्या घरात हाच विषय आहे. माझी धाकटी मुलगी आठवीत शिकते. तिला बॉक्सिंगचे वेड लागले. एका ठिकाणी निवड होती, तेथे ती गेली. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून सांगण्यात आले की, उंची नाही, हात आखूड आहेत, हिच्या अंगात हा खेळ नाही. कोणी सांगितले ते बोलून दाखवण्यात अर्थ नाही. पोरगी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. तेव्हापासून मी एकच शोध घेतला: आखूड हातांची, लहान चणीची माणसे या खेळात काय करतात? जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आधी खेळ समजून घेऊ. दोरांनी वेढलेला चौकोनी आखाडा असतो. आज मुलींच्या मोठ्या स्पर्धांत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात, आणि मध्ये एकेक मिनिट विसावा. पाच पंच गुण देतात. मिटलेल्या मुठीच्या पुढच्या भागाने, कमरेच्या वर, समोरून किंवा बाजूने बसलेला ठोसाच धरला जातो. पाठीत मारलेला चालत नाही. वजनाप्रमाणे गट पाडलेले असतात. परंतु वजन सारखे असले तरी हात सारखे नसतात. ज्याचा हात लांब, तो दुरूनच मारून मागे सरतो. ज्याचा आखूड, त्याला तो मारा चुकवीत जवळ शिरावे लागते. म्हणून निवड करणारे आधी हातांकडे पाहतात. त्यात त्यांचे अगदीच चुकते असे मी म्हणणार नाही.

आता अमेरिकेतल्या रॉकी मार्सियानोची हकीकत ऐका. ब्रॉकटन गावच्या जोड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या एका इटालियन मजुराचा हा मुलगा. त्याला बेसबॉल खेळायचे होते. १९४७ साली तिथल्या निवडीत त्याला परत पाठवले. मग तो मुष्टियुद्धाकडे नीट वळला, तेव्हा वयाची तेवीस वर्षे उलटली होती. सर्वांत वजनदार गटात तो उतरला, पण दोन्ही हात पसरले तर त्याचा पल्ला भरे ६८ इंच. त्या काळचा नामांकित ज्यो लुई, त्याचा पल्ला ७६ इंच. आठ इंच म्हणजे जवळजवळ एक वीत हो! चार्ली गोल्डमन नावाचे त्याचे शिक्षक स्वतः ठेंगणे होते. त्यांनी त्याला उंच व्हायला सांगितले नाही, आणखी वाकायला सांगितले. गुडघ्यात वाकून, डोके खाली घेऊन, समोरच्याच्या लांब हातांच्या आत शिरायचे. आत शिरल्यावर लांब हात अडगळीचे होतात आणि आखूड हात कामाला येतात.

२३ सप्टेंबर १९५२ रोजी जगज्जेतेपदाची लढत झाली. पहिल्याच फेरीत तो खाली पडला. बारा फेऱ्यांअखेर गुणांतही मागे होता. तेराव्या फेरीत त्याच्या एका ठोशाने वॉलकॉट आडवा झाला. पुढे १९५६ साली त्याने खेळ सोडला तेव्हा व्यावसायिक लढती ४९ आणि विजय ४९, हार एकही नाही. कोंड्याचा मांडा करणे म्हणतात ते हेच.

तुम्ही म्हणाल, तो पुरुष, आणि साता समुद्रापलीकडचा. तर मग आपल्या मेरी कोमकडे पाहू. मणिपुरातल्या शेतावर राबणाऱ्या आईबापांची ही लेक, चणीने लहान. ४५ ते ४८ किलोच्या गटांत तिने सहा वेळा जागतिक अजिंक्यपद मिळवले: २००२, २००५, २००६, २००८, २०१० आणि २०१८. २००७ साली तिला जुळे मुलगे झाले. बाळंतपणानंतर ती पुन्हा आखाड्यात उतरली आणि २००८ साली जिंकली. तिचे यजमान मुलांकडे पाहत म्हणून तिला सरावाला जाता आले, ही गोष्ट आपण बायकांनी विशेष ध्यानात धरावी.

२०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे मुष्टियुद्ध प्रथमच आले, पण वजनाचे गट तीनच ठेवले: ५१, ६० आणि ७५ किलो. मेरीचा गटच नव्हता. मग तिने वजन वाढवले आणि ५१ किलोत, आपल्याहून थोराड मुलींपुढे उभी राहिली. तीन किलो म्हणजे आपल्याला वाण्याकडचा एक पुडा वाटतो, पण तिथे तेवढ्याने ठोशाचे वजन बदलते. उपांत्य फेरीत ती इंग्लंडच्या निकोला अ‍ॅडम्सकडून हरली, पण कांस्यपदक घेऊन आली. पायांची चपळाई हे तिचे भांडवल. अंगाने कमी असलेली बाई जागेवर उभी राहून मार खात नाही, ती जागा बदलते.

आणि तिसरी मुलगी तर आपल्या शेजारची. परभणीहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या गाडीत बसले की नांदेड, धर्माबाद, बासर मागे टाकून निजामाबाद येते. निखत झरीन तिथली. १९४८ पर्यंत ते गाव आणि आपला जिल्हा एकाच निजामी राज्यात होते. तिने सुरुवात धावण्याच्या शर्यतींपासून केली. २०११ साली लहान गटाची जागतिक विजेती झाली. २०१७ साली खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, वर्षभर खेळ थांबला. इतक्या लवकर चमकलेली मुलगी आता संपली, असे कोणालाही वाटले असते. ती २०२२ साली इस्तंबूलला आणि २०२३ साली दिल्लीला जागतिक विजेती झाली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र ती चीनच्या वू यू हिच्याकडून हरली. हेही सांगितले पाहिजे. कष्ट केले म्हणजे प्रत्येक वेळी जिंकताच येते, असा माझा दावा नाही.

शेवटी आपल्या महाराष्ट्राचे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे. सैन्यात गेले आणि तिथे मुष्टियोद्धे म्हणून नाव काढले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे अंग निकामी झाले. मुष्टियुद्ध तर पायांवर चालते. ज्या खेळासाठी देह घडवला तोच खेळ गेला. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. आता पाहा, पाण्यात अंगाचा भार पाणी उचलते. पुढे ओढायचे काम खांदे आणि दंड करतात. ठोसे मारून मारून घोटलेले खांदे गोळीने नेले नव्हते. ते त्यांनी पाण्यात नेले, असे मला वाटते. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे पॅरालिम्पिकमध्ये, ५० मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता, आणि त्या स्पर्धांतले भारताचे ते पहिले सुवर्णपदक. धडधाकट खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने खेळून सुवर्ण मिळवायला भारताला २००८ साल उजाडावे लागले. मात्र पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, सेहेचाळीस वर्षांनी. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कुठे घराघरांत त्यांचे नाव पोहोचले.

भगिनींनो, या चौघांची हकीकत मी करमणुकीसाठी सांगितली नाही. आपल्याकडे म्हण आहे, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. मला या म्हणीचे भय वाटते. पाळण्यात पाय दिसतात, पण पाय किती चालतील ते दिसते का? हाताची लांबी फीतीने मोजता येते. पडल्यावर उठण्याची ताकद, रोज पहाटे तेच ते काम न कंटाळता करण्याची सवय, शिक्षकाचे ऐकून आपली ढब बदलण्याची तयारी, या गोष्टी मोजायला फीत नाही. त्याही अंगच्याच देणग्या आहेत. त्या दिसायला वर्षे लागतात, एवढाच फरक. म्हणून ‘अंगच्या गुणापेक्षा जास्त मिळवले’ असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर त्या माणसाचा पुरता गुण पाहणाऱ्याला दिसला नव्हता, इतकाच त्याचा अर्थ.

मी स्वतः सातवी शिकले. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा तेवढीच होती. पुढची शाळा नऊ किलोमीटरवर. ‘गणितात कच्ची आहे, हिच्या डोक्यात शिक्षण नाही, पाठवून काय करायचे?’ असे वडीलधाऱ्यांत ठरले. त्याच कच्च्या डोक्याने आज अकरा वर्षे मी मंडळाच्या भिशीचा हिशेब ठेवते आहे, आणि रुपयाचा घोळ झालेला नाही, हे आपल्या खजिनदारबाई सांगतील. याचा अर्थ मी मोठी गणिती झाले असते असा नव्हे. पण काय झाले असते ते तेराव्या वर्षी कोणालाच ठाऊक नव्हते. ठरवून मात्र टाकले.

आता दोन शंका. पहिली, नाक मोडले तर मुलीचे लग्न कसे जमणार? निखतच्या आईलाही हीच काळजी होती. नाव झाले की नवरदेवांची रांग लागेल, असे लेकीने त्यांना हसत सांगितले होते म्हणे. दुसरी शंका अधिक खरी आहे: डोक्याला मार लागला तर? ही भीती पोकळ नाही. मुलींना स्पर्धेत डोक्याला रक्षक टोप, दातांना रक्षक आणि हातांत जाड मोजे घालावेच लागतात, तरीही धोका उरतो. म्हणून जाणत्या शिक्षकावाचून कोणीही मुलीला या खेळात घालू नये. नवशिक्या मुलींचे पहिले कितीतरी दिवस दोरीवरच्या उड्या, पायांची ठेवण आणि हवेतले ठोसे यांतच जातात, आणि तेवढ्याने तब्येतीला गुणच येतो.

माझे मागणे लहान आहे. आपल्या मंडळाची ही खोली सायंकाळी पाच ते सात रिकामी असते. आठवड्यातून तीन दिवस ती वस्तीतल्या मुलींना व्यायामासाठी द्यावी. चार दोऱ्या आणि आपल्या सतरंज्या एवढ्यावर आरंभ होतो. परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन मार्गदर्शक मिळेल का, हे आपण दोघीचौघींनी मिळून विचारावे. आणि मुलगी ज्या कशाला हात घालील, बॉक्सिंग असो, पेटी असो की गणित असो, तिला तीन वर्षे द्यावीत. त्या तीन वर्षांत ‘हिच्या अंगात नाही’ हे शब्द घरात कोणी तोंडातून काढू नयेत. चौथ्या वर्षी पाहू. तेव्हा नाहीच जमले तर तीच सांगेल, आणि तिचे ते सांगणे आपल्या सांगण्यापेक्षा खरे असेल.

माझी लेक सध्या अंगणात दोरीवर उड्या मारते. ती कोणी मोठी होईल असे मी म्हणत नाही. ती दमते कधी, हे मात्र मला अजून दिसलेले नाही.

बोलताना कमीजास्त झाले असल्यास सांभाळून घ्यावे. खोलीच्या किल्लीचा ठराव आजच्याच सभेत मांडावा, अशी अध्यक्षबाईंना विनंती करते आणि आपली रजा घेते.