आरतीतील ‘आप’ आणि रेगेतील ‘मी’
(अभ्यासवर्गातील भाषण)



धर्माची भाषा कानी पडताच आपल्यातील काही कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘अफू’ म्हटले की विषय संपला, असे त्यांना वाटते. नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास या घाईला दुजोरा देत नाही.

तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांच्या आरतीला १९३०च्या दशकात हजारो आदिवासी दर सोमवारी जमत. दारू सोडा, स्वच्छ राहा, परस्परांना ‘आप’ म्हणा, ही त्यांची शिकवण. मालकाच्या तोंडून जन्मभर ‘अरे-तुरे’ ऐकलेल्या सालदाराला त्या एका शब्दाने माणूसपण बहाल केले.

त्याच दशकात दूरच्या जमैका बेटावर, उसाच्या मळ्यांत राबलेल्या गुलामांच्या वंशजांत असाच एक पंथ उदयास आला. रास तफारी हे १९३० साली हैले सेलासी या नावाने इथिओपियाचे सम्राट झाले. कृष्णवर्णीय राजाच्या या अभिषेकात अनेक दरिद्री जमैकनांना देवाचा अवतार दिसला. हाच रास्ताफारी पंथ. जुलमी व्यवस्थेला ते बायबलमधील ‘बॅबिलॉन’ हे नाव देतात आणि ‘तू आणि मी’ऐवजी ‘मी आणि मी’ म्हणतात. दोघांत देव एकच, मग उच्च कोण आणि नीच कोण? १९६०च्या दशकाअखेरीस जन्मलेल्या रेगे संगीताने ही श्रद्धा जगभर नेली. वंशभेदाविरुद्ध सेलासींनी १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात केलेले भाषण बॉब मार्लेने १९७६ मध्ये ‘वॉर’ या गीतात गायिले.

दोन्हीकडे आधी सर्वनाम बदलले. अर्थशास्त्र मजुरीचा दर मोजते. परंतु तो दर मागण्यासाठी मान ताठ असावी लागते. ती ताठ करण्याचे काम या गाण्यांनी केले.

मात्र श्रद्धेच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ज्या सम्राटाला देव मानले, त्याच्याच राज्यात, वोलो प्रांतात, १९७३च्या सुमारास दुष्काळाने हजारो माणसे मेली. १९७४ मध्ये तो पदच्युत झाला. आपल्याकडेही केवळ आरतीने गेलेली जमीन परत आली नाही. त्यासाठी शहादा परिसरात भजने गाणाऱ्या अंबरसिंग महाराज सुरतवंतींना जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न हाती घ्यावा लागला. त्याच लढ्याच्या ओघात १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली.

म्हणून कार्यकर्त्याने आरतीच्या वेळी दाराबाहेर ताटकळू नये. आत बसावे, मनापासून ऐकावे आणि आरती संपल्यावर सातबाऱ्याचा विषय काढावा.