‘हवें’ आणि ‘विश्वास’

(धर्मग्रामाच्या ज्युबिली-सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं गतकालाचा गौरव करावा, देणगीदारांचे आभार मानावेत आणि भाषण आटोपतें घ्यावें, असा आपल्याकडे रिवाज आहे. पहिल्या दोन गोष्टी माझ्या आधींच्या वक्त्यांनीं यथासांग केल्या आहेत; तिसरी पाळण्याचा यत्न मी करीन. मला विषय दिला आहे तो मुलांच्या धर्मशिक्षणाचा. रविवारच्या मिसानंतर हा वर्ग चालविणाऱ्या आम्हां मंडळींच्या तोंडून अलीकडे एकच वाक्य वरचेवर ऐकूं येतें: “आतां पुरे झालें.” मुलें ऐकत नाहींत, आईबाप पाठवीत नाहींत, शिकविलेलें आठवडाभर टिकत नाहीं. हें वाक्य मीही घरीं येऊन म्हटलें आहे; तेव्हां कोणास दोष देण्यासाठीं मी उभा नाहीं.

संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचें नांव आपल्या घराघरांत आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत गोव्यास त्यांच्या पवित्र देहाचें दर्शन होतें, तेव्हां आपल्यांपैकीं कित्येकजण त्या लांब रांगेंत उभे राहून आले. परंतु ज्यांच्यासाठीं आपण रांगेंत उभे राहिलों, ते पुरुष हिंदुस्थानांतील आपल्या पहिल्या वर्षांत मुख्यतः लहान मुलांचे पंतोजी होते, हें फारसें कोणाच्या लक्षांत नसतें.

ह्या कामासाठीं मुळांत त्यांची निवडही झाली नव्हती. १५४० च्या मार्चमध्यें ज्यांनीं रोमहून निघावयाचें ते फादर बोबादिल्या आजारी पडले, म्हणून संत इग्नेशियस ह्यांनीं आयत्या वेळीं फ्रान्सिस ह्यांस विचारलें. आणि ते लागलीच निघाले. पॅरिसमध्यें तत्त्वज्ञान शिकविलेले नाव्हारचे हे सरदारपुत्र ७ एप्रिल १५४१ रोजीं, ज्या दिवशीं त्यांना पस्तीस वर्षें पूर्ण झालीं त्याच दिवशीं, लिस्बनहून जहाजानें निघाले आणि ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरले. तेथें ते इस्पितळांत राहिले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यांनीं हिंडत, मुलांना व गुलामांना हांका मारीत आणि मागें जमलेल्या मेळाव्यास देवळांत नेऊन प्रार्थना शिकवीत. पॅरिसच्या पंडितास हें काम हलकें वाटलें असेल काय? त्यांच्या पत्रांत तरी तसा सूर मला आढळला नाहीं.

त्याच वर्षाच्या अखेरीच्या सुमारास ते दक्षिणेस, तुतिकोरीन आणि मनपाडकडील मोत्यांच्या किनाऱ्यावर गेले. तेथील परवर लोक समुद्रांत बुड्या मारून मोत्यांचे शिंपले काढीत. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. मात्र पुढें शिकविणारा कोणीच न राहिल्यामुळें आपण ख्रिस्ती आहों ह्यापलीकडे त्यांस कांहीं ठाऊक नव्हतें. फ्रान्सिस ह्यांस तामिळ येत नव्हतें. दोन्ही भाषा थोड्याबहुत जाणणारीं माणसें गोळा करून त्यांनीं प्रार्थनांचें भाषांतर करविलें, तें तोंडपाठ केलें आणि घंटा घेऊन गांवोगांव निघाले. दिवसांतून दोनदां मुलें जमवावयाचीं, आणि मुलांनीं घरीं जाऊन आईबापांस शिकवावयाचें, असा क्रम त्यांनीं लावून दिला.

१५ जानेवारी १५४४ रोजीं कोचीनहून रोममधील बंधूंस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ह्या मुलांचें वर्णन केलें आहे. मुलें त्यांना नित्याची प्रार्थना वाचूं देत नसत, जेवूं देत नसत, झोंपूं देत नसत. कांहींतरी नवें शिकविल्याखेरीज हलत नसत. आपल्यापैकीं कोणी असतें तर ह्याचें गाऱ्हाणें केलें असतें. स्वर्गाचें राज्य अशांचें आहे ह्या प्रभूच्या बोलाचा अर्थ आपणांस ह्या मुलांमुळें उमगूं लागला, असें ते लिहितात. आजाऱ्यांच्या घरून इतकीं बोलावणीं येत, कीं सर्व ठिकाणीं जाणें त्यांस अशक्य होई. तेव्हां प्रार्थना शिकलेल्या मुलांनाच ते आपल्या जागीं पाठवीत. त्याच पत्रांत मुलांच्या हातून मूर्तींची विटंबना झाल्याचेंही ते कौतुकानें सांगतात. तें वाचतांना आज आपली मान खालीं जाते. पण म्हणून तें वगळून संताचें चरित्र सांगावें, असें मला वाटत नाहीं.

तर असें हें आनंदानें ओथंबलेलें पत्र. ह्या लोकांत काम करतांना इतका दिलासा मिळतो, कीं तो आतां कमी कर अशी प्रभूला विनवणी करावी लागते, असें त्यांत लिहिलें आहे. आणि त्याच वर्षीं आपले सोबती मान्सिल्हास ह्यांस लिहिलेलीं पत्रें हातीं घ्या. पोर्तुगीज अंमलदार स्वतःच गरीब ख्रिस्ती लोकांना लुबाडीत होते. जूनमध्यें वडुग स्वारांनीं हल्ला केल्यावर परवर लोक कन्याकुमारीजवळच्या खडकांवर पळून गेले आणि तेथें अन्नपाण्यावांचून तडफडूं लागले. फ्रान्सिस वीस होड्यांतून शिधासामग्री घेऊन निघाले, परंतु विरुद्ध वाऱ्यानें त्यांना पोहोंचूं दिलें नाहीं. ह्या पत्रांत ते जीवाला कंटाळल्याचें लिहितात. हा देश सोडून हबसाणांत जावें, असाही विचार त्यांच्या मनांत येतो. म्हणजे “आतां पुरे झालें” हें वाक्य झेवियर ह्यांच्याही लेखणींतून उतरलें होतें! मला ह्या पत्रांचा जेवढा आधार वाटतो, तेवढा त्यांच्या चमत्कारांचा वाटत नाहीं. फिलिप्पैकरांस पत्र लिहिणारे संत पौल बेड्यांत होते, आणि संतुष्ट राहण्यास आपण शिकलों, असें ते सांगतात. जें शिकावें लागतें तें जन्मतः मिळालेलें नसतें. आणि शिकतांना चुकाही होतात.

अशीच एक चूक सांगण्यासाठीं मी आपला एवढा वेळ घेतला. मान्सिल्हास ह्यांच्याच एका पत्रांत, १५४४ मध्यें, फ्रान्सिस त्यांस एक दुरुस्ती कळवितात. विश्वासांगीकाराच्या आरंभीं ‘मी विश्वास ठेवतों’ असें म्हणावयाचें, तेथें तामिळ भाषांतरांत ‘वेणुम्’ हा शब्द पडला होता. ‘वेणुम्’ म्हणजे ‘हवें’. दुभाष्यांनीं दिलेला शब्द त्यांनीं भोळेपणानें पाठ केला होता आणि मुलांकडून घोकून घेतला होता. सर्वसमर्थ देवबाप मला हवा, असें तीं मुलें वर्षाहून अधिक काळ सकाळ-संध्याकाळ म्हणत होतीं! आतां त्या जागीं ‘विसुवासम्’ म्हणावें, असें त्यांनीं लिहिलें. तो तर आपलाच ‘विश्वास’ शब्द.

ज्या थोर पुरुषानें घंटा वाजवून अर्धा किनारा जागा केला, त्याला आपलें पहिलेंच वाक्य चुकलें होतें हें मान्य करून गांवोगांवच्या मुलांपुढें पुन्हां पहिल्या शब्दापासून आरंभ करावा लागला. पत्रांत त्याबद्दल हळहळ नाहीं, सबबही नाहीं. दुरुस्तीची सूचना आहे, आणि पुढें रोजच्या कामाच्या गोष्टी. आमचें “पुरे झालें” ह्या ठिकाणीं अडतें. वर्ग भरलेला हवा, मुलें शांत हवींत, आईबापांनीं आभार मानावयास हवे. आम्ही अजून ‘वेणुम्’ म्हणत बसलों आहों.

स्वतःसाठीं न मागणारे फ्रान्सिस मुलांसाठीं मागतांना मात्र भिडस्त नव्हते. मोत्यांच्या किनाऱ्यावरील वसुलीपैकीं ४००० फणम पोर्तुगालच्या राणीच्या पायतणांच्या खर्चासाठीं राखलेले असत. ती रक्कम मुलांच्या शिक्षकांसाठीं द्यावी, असें त्यांनीं राणीस विनविलें. स्वर्गाचा जिना चढावयास ह्या मुलांइतकीं चांगलीं पायतणें दुसरीं नाहींत, असें तिला कळविलें, आणि राणीनें पैसे दिले. आमच्या वर्गांत बांकें पुरेशीं नाहींत, हें येथें बसलेल्या मंडळीनें लक्षांत घ्यावें.

किनारा सोडल्यावर ते मलाक्का, मोलुक्का आणि जपानपर्यंत गेले. चीनमध्यें मात्र त्यांस पाऊल टाकतां आलें नाहीं. १५५२ च्या डिसेंबरच्या आरंभीं सांशियन बेटावर, चीनचा किनारा समोर दिसत असतां, एका झोंपडींत ते तापानें पडून होते. जवळ होता अंतोनियो नांवाचा चिनी तरुण, गोव्याच्या सेंट पॉल विद्यालयांत वाढलेला. परक्या भाषांत प्रार्थना शिकवीत आयुष्य वेंचलेले फ्रान्सिस अखेरच्या तापांत अशा एका भाषेंत बोलूं लागले, कीं ती अंतोनियोस कळेना. बहुधा ती त्यांच्या बालपणची बास्क भाषा असावी. अंतोनियो रात्रभर उशाशीं बसून राहिला, आणि पहांटेपूर्वीं त्यानें पेटलेली मेणबत्ती आपल्या गुरूच्या हातांत धरून ठेवली.