सिमेंटच्या जाळीची इमारतसुद्धा आपला ठेवा

दुपारची भांडी आटोपून रेडिओजवळ बसल्या असाल. आज बचतीचं, कर्जाचं बोलणार नाही. आज बोलू एका इमारतीबद्दल.

ठेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला येतो, हेमाडपंती देऊळ येतं, पाटणादेवी येते. पण आपल्या गावची सिमेंटची शाळा, ग्रामपंचायतीचं जुनं सभागृह, दवाखाना? त्याला आपण 'जुनी बिल्डिंग' म्हणतो आणि पाडायला निघतो.

आमच्या गावात तेच झालं. पाटीवर १९६७ साल कोरलेलं सभागृह. सपाट स्लॅब, पुढे लांब छज्जा, पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटची जाळी. आमचे चार गट तिथेच बसतात. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असतं, तरी जाळीतून झुळूक येते. ऊन आत येत नाही, वारा येतो. आमच्यातल्या कितीतरी जणी अंगठा सोडून सही करायला तिथेच शिकल्या. मागच्या वर्षी कळलं, इमारत 'धोकादायक' ठरली, आता पाडायची. स्लॅबवर चढून कुणी पाहिलं का, विचारलं. कुणीच चढलं नव्हतं.

खरं सांगायचं तर आमच्यातही दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, पाडू द्या, नव्या इमारतीत संडास तरी असेल. त्यांचं चूक नव्हतं. जुन्या सभागृहात बायांसाठी सोय नाही, पायऱ्या उंच, म्हाताऱ्या माणसाला चढवत नाही. पण एक आजी म्हणाल्या, "आमनी शे हाई इमारत." त्यांनी तिथे वाळूच्या पाट्या वाहिल्या होत्या. मग आम्ही ठरवलं, आधी तपासणी, मग निर्णय.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे आपल्याला माहीत आहे. त्या सभेत ठराव लिहिला आणि ग्रामसभेत वाचला. एक अभियंता आले. त्यांनी खांब ठोकून पाहिले, गिलावा खरवडला. खांब मजबूत निघाले. दोन ठिकाणी छज्जा फुगला होता आणि गच्चीवर पाणी साचत होतं. पाणी आत मुरलं की लोखंडी सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. म्हणजे मूळ दुखणं पाण्याचं होतं. पन्हाळ तुंबलेली, कोपऱ्यात पिंपळाचं रोप. ते वेळेवर काढलं असतं तर ही वेळ आली नसती.

मैत्रिणींनो, हे फक्त आपल्या गावचं नाही. देशाच्या कायद्याने पुरातन वास्तू म्हणायला शंभर वर्षं लागतात. स्वातंत्र्यानंतरच्या इमारती त्यात बसतच नाहीत. दिल्लीत प्रगती मैदानावर 'हॉल ऑफ नेशन्स' नावाचं मोठं प्रदर्शन दालन होतं. राज रेवल यांची रचना, महेंद्र राज यांचं अभियांत्रिकी, १९७२ साली उभं राहिलेलं. जगभरच्या जाणकारांनी विनवलं, तरी एप्रिल २०१७ मध्ये ते पाडलं.

उलट मुंबईत बघा. मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान परिसरातल्या १९३० च्या सुमाराच्या काँक्रीटच्या इमारती. रहिवासी संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अर्जाची कागदपत्रं आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंनी तयार केली. ३० जून २०१८ ला त्या परिसराला युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला. लोक आजही त्याच घरांत राहतात, स्वयंपाक करतात. वारसा म्हणजे कुलूप लावणं नव्हे.

आणि आपलं खान्देश यात मागे नव्हतं. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस आले आणि बांबू व साध्या गावठी सामानातून त्यांनी ते अधिवेशन नगर सजवलं. ते नगर काही दिवसांसाठीच होतं, ते उरणार नव्हतंच. पण आपली सभागृहं टिकण्यासाठी बांधलेली आहेत.

आमच्या सभागृहाचा निकाल अजून लागलेला नाही. पाडण्याचा ठराव तूर्त थांबलाय. आम्ही मागितलंय: गच्चीची दुरुस्ती, छज्जाची डागडुजी, मागच्या बाजूला संडास आणि एक उतार. जाळी तशीच राहू द्या. मागणी मान्य होईल की नाही, पुढच्या ग्रामसभेत कळेल. पण आता कुणी न बघता 'धोकादायक' म्हणू शकणार नाही.

तुम्ही काय करायचं? या आठवड्यात गटाच्या बैठकीत गावातल्या जुन्या सिमेंटच्या इमारतींची यादी करा. पाटीवरचं साल लिहा. कुणी बांधली, कुणी घाम गाळला, ते आजी-आजोबांना विचारा. पावसाळ्याआधी पन्हाळ साफ आहे का, भिंतीत रोप उगवलंय का, ते बघा. सळया उघड्या दिसल्या तर त्याखाली मुलांना बसू देऊ नका आणि लगेच ग्रामपंचायतीला लेखी कळवा. इमारत खरंच खचली असेल तर पाडावीच लागते, जीव मोठा. पण आधी तपासणी मागा, तीही लेखी.

घर सारवणाऱ्या बाईला भिंत कुठे ओली आहे ते सगळ्यात आधी कळतं. गावच्या भिंतीकडेही तसंच लक्ष ठेवूया.

येते आता. राम राम.